दोन मिनिटांचं घड्याळ

माझं काम दिव्यांचं.
हिरवा लावायचा, तीस सेकंद उरले की पिवळा,
मग लाल.
सेलमच्या विधानभवनात, तळमजल्यावर,
वाहतूक समितीसमोर कोण काय बोललं याच्याशी माझा संबंध नाही.
किती वेळ बोललं, याच्याशी आहे.
मत असायची मुभा नाही मला.
नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलेलं नसतं, पण कळतं.

ते विधेयक पुन्हा आलं. तिसऱ्यांदा.
क्रमांक नवा, मजकूर तोच:
गाड्या दहा मैलांहून हळू सरकत असतील
तर मोटरसायकलने दोन रांगांच्या मधून
सावकाश पुढे जावं,
आणि त्याचा दंड होऊ नये.
अडीच पानं. तीस प्रती काढल्या मी.
भिजत घोंगडं म्हणतात ते हेच,
त्यात ऑरेगनचा मार्च.

ट्रकवाल्यांच्या संघटनेचे ऑर्विल टॅगार्ट म्हणाले,
ती माणसं आमच्या आरशात मावत नाहीत.
पिवळा.
विमा कंपनीचा तरुण शेजारच्या राज्याचे आकडे घेऊन आला होता.
एका सदस्याने विचारलं, तिकडचे ड्रायव्हर
आपल्याइतकेच वाईट आहेत का?
हशा. हशाची सेकंदं मी त्याच्या वेळेतून कापली नाहीत.
कायझरची एक शाळामास्तरीण उठली.
"मी दचकते," म्हणाली.
"मुलं मागे बसलेली असतात, आणि मी दचकते."
उरलेलं दीड मिनिट परत करून खाली बसली.
वेळ परत करणारं माणूस इथे विरळाच.

मग व्हर्लीन स्टुकेल.
हेल्मेट टेबलावर उलटं, त्यात ओले हातमोजे
एकमेकांत बोटं घालून.
पहिल्या वेळी तिने फोटो आणला होता,
दुसऱ्या वेळी नकाशा, रंगीत.
या वेळी काही नाही.

"डेन्झिल रांगेत उभा होता.
नियमाप्रमाणे. पुढे पिकअप. मागे कुणी नाही.
मग मागे एक व्हॅन.
अहवालात दोन रकाने आहेत.
व्हॅनचा वेग: सत्तेचाळीस.
माझ्या भावाचा वेग: शून्य.
मला घरी लवकर पोचायचं नाहीये, अध्यक्षबाई.
त्याच्या डाव्या हाताला चार फूट जागा होती.
रिकामी.
तुमच्या कायद्याने रिकामी."

एक मिनिट सहा सेकंद.
ती उठली नाही. बोललीही नाही.
टेबलावर हेल्मेटखाली पाण्याचं वर्तुळ वाढत होतं.
मी हिरवा तसाच राहू दिला,
मग पिवळा,
आणि लाल लावायला माझं बोट
कधी नव्हे ते उशिरा खाली आलं.
इतिवृत्तात याची नोंद नाही. इतिवृत्त मीच लिहितो.

अध्यक्षबाईंनी आभार मानले, मनापासून.
विधेयक पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाल्या.
पुढच्या बैठकीची विषयपत्रिका
माझ्या टेबलावर आधीच छापून पडली होती.
वाटाण्याच्या अक्षता, पण चांदीच्या ताटात.

संध्याकाळी वुडबर्नच्या अलीकडे सगळं थांबलं.
मैलभर लाल दिवे, एकही माझ्या हातात नाही.
दोन रांगांमध्ये डांबराची ओली पट्टी
सरळ गेलेली, टोकापर्यंत,
सकाळी मी मुलीचा पाडतो
त्या भांगापेक्षा कितीतरी सरळ.
माझा दर वेळी कानाकडे वळतो.
ती म्हणते, बाबा, राहू दे.

आरशात एकच दिवा.
मी दचकलो. शाळामास्तरीण खोटं बोलली नव्हती.
दंड आहे त्याला, हे मला ठाऊक,
कलमासकट ठाऊक.
मी चाक डावीकडे घेतलं.
हातभर, जास्त नाही.
टायर कडेच्या खाचांवर चढले,
गाडी खडखडली, कप धारकातली कॉफी हिंदकळली.

तो दिवा माझ्या उजव्या खिडकीशी आला.
कोण होतं कळलं नाही, सगळं अंग रेनकोटात.
जाताना एक पाय किंचित बाहेर निघाला,
त्यांची आभाराची रीत आहे म्हणतात,
हात मोकळे नसतात ना.

चार सेकंद लागले.
सवयीने मोजले.